धुतलेले हात

तुतीला पाणी कमी पडत होतं आणि घरात दोन हात कमी पडत होते. पाण्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं. हातांसाठी धाकट्याने बहिणीला फोन केला.

"पंधरा दिवस ये, ताई. अळ्या तिसरी कात टाकून उठल्यात. ऊन असं आहे की डहाळी कापली की हातातच मान टाकते. आई असती तर तुला त्रास दिला नसता."

आईला जाऊन अडीच महिने झाले होते. थोरली शहरातल्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसायची. तिने रजा टाकली, एका पिशवीत चार कपडे भरले आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी घरासमोर उतरली.

घर एका ओळीत तीन खोल्यांचं. शेवटची, मागची खोली आईची. अंगण ओलांडलं की रेशमाच्या अळ्यांचं पत्र्याचं लांबट संगोपनगृह, सगळे त्याला नुसतं शेड म्हणत. पत्र्यावर वाळलेलं गवत, चारी बाजूंनी ओली पोती, आत कप्प्याकप्प्यांचे रॅक आणि पंख्यांची घरघर. दाराशी चुन्याच्या पाण्याचा उथळ हौद, त्यात पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही. शेजारी बादली आणि साबण. हात कोपरापर्यंत धुवायचे. हे सगळं आईने घालून दिलेलं. अळी म्हणजे सहा महिन्यांचं मूल समजा, ती म्हणायची, बाहेरचं काही लागलं की गेलीच.

ओट्यावर भाची बसली होती. वय नऊ. एका जागी कधी ठरायची नाही म्हणून आजीने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. आता ती भिंतीला पाठ लावून अशी बसली होती की कोणीतरी तिथे ठोकून बसवलं असावं.

"केवढी उंच झालीस गं," थोरली म्हणाली. "उन्हाने जीव गेला बघ. जा, आत्याला पाणी आण."

भिंगरीने तिच्याकडे बघितलं. उठली, आत गेली, भरलेला तांब्या घेऊन आली. उंबऱ्यात उभी राहिली आणि आत्याच्या डोळ्यांत बघत तांब्या हळूहळू पालथा केला. पाणी पायरीच्या दगडावर पडलं, वाफ होऊन गेलं.

भावजय आतून धावत आली आणि तिने पोरीच्या पाठीत धपाटा घातला. आवाज मोठा झाला. पोर हललीसुद्धा नाही.

"बघितलंत ना वन्सं? आल्या आल्या बघितलंत, बरंच झालं. मला वाटलं होतं पाहुण्यांसमोर तरी चार दिवस कळ काढेल."

"मी पाहुणी कुठे गं."

"तुम्ही नाही हो. पण तिला कळायला नको?"

भावजयीने स्वतः पाणी आणून दिलं आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. ये म्हटलं की जाते. बस म्हटलं की उभी राहते. हात धुवायला सांगितलं की मातीत घालते. शेडमध्ये तर पाऊल टाकत नाही. आधी आजीच्या मागेमागे पानं टाकायची, मोठ्या माणसाच्या बरोबरीने. आता तिच्या वाटणीचं कामही आमच्यावर. वसतिगृहाच्या शाळेचा फॉर्म भरलाय. जीपने चार तास. अळ्यांची बॅच उतरली की सोमवारी पोचवायची.

"नऊ वर्षांची पोर?"

"मग काय करू? तुम्हीच सांगा."

धाकटा शेडमधून बाहेर आला होता. खांद्यावरच्या रुमालाने मान पुसत तो म्हणाला, "तू एवढी पुस्तकं वाचतेस ताई. शोध ना कारण. कारण सापडलं आणि पोर ताळ्यावर आली, तर फॉर्म फाडून टाकतो. मला काय हौस आहे तिला लांब टाकायची?"

तो खरंच बोलत होता. त्याचे गाल आत गेले होते. लहानपणी पडून आल्यावर व्हायचा तसा त्याचा चेहरा झाला होता, रडावं की नाही ते न ठरलेला.

*

पहाटे फटफटायच्या आत तुती कापायला जायचं. ऊन चढलं की पान सुकतं आणि सुकलेलं पान अळी तोंडात धरत नाही. कमरेत वाकून विळ्याने डहाळी तळातून कापायची, डाव्या हाताच्या कवेत गोळा करायची, कव भरली की ओल्या पोत्यावर आडवी टाकायची. तिसऱ्या दिवशी थोरलीच्या तळहाताला फोड आले, चौथ्या दिवशी ते फुटले. विहिरीचं पाणी खाली गेलं होतं. मोटर अर्धा तास चालायची आणि मग हवा ओढत खोकायची. लांबच्या ओळींतली पानं तळहाताएवढी व्हायच्या ऐवजी बोटांएवढी राहिली होती.

कापायला कालव्याकडची मावशी यायची. तोंड विळ्यापेक्षा जलद.

"जंत झालेत तिला," मावशी म्हणाली. "जंत झाले की पोरं हट्टी होतात. माझा मधला असाच होता. कोणाचं म्हणून ऐकायचा नाही."

"मग? औषध दिलंत?"

"छे. लग्न करून दिलं. आता बायकोचं ऐकतो."

शाळेच्या बाई वेगळं म्हणाल्या. थोरली मुद्दाम जाऊन त्यांना भेटली. "अहो, वर्गात सगळ्यांत शहाणी होती ही. वही काढा म्हटलं की पहिली वही हिची. आता वही काढा म्हटलं की दप्तर मिटते. आजीने फार लाडावली असणार. आजी गेली, लाड संपले, त्याचा राग आहे." दवाखान्यातल्या कंपाउंडरने भिंगरीची जीभ बघायला मागितली. तिने तोंड घट्ट मिटलं, तेव्हा त्याने ओठांवरूनच रक्त कमी असल्याचं ओळखलं आणि लाल औषधाची बाटली दिली. ती बाटली भिंगरीने कोंबडीच्या वाडग्यात ओतली. भावजय म्हणाली, आता कोंबडी तरी ऐकेल.

थोरलीनेही आपल्या परीने करून पाहिलं. एका पुस्तकात वाचलेलं तिला आठवत होतं, की मुलाला उलट सांगून बघावं. एकदा जेवणाच्या वेळी ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "भिंगरी, तू आज जेवू नकोस हं."

पोरीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की थोरलीला हातातलं ताट खाली ठेवावंसं वाटलं.

"आत्या, हे आईने करून बघितलंय," भिंगरी म्हणाली.

सगळे हसले. धाकटासुद्धा. किती दिवसांनी तो हसत होता कोण जाणे. भिंगरीच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला आणि लगेच खाली आला. मग तिने ताट पुढे ओढलं आणि न धुतलेल्या हातांनी, अंगणातली माती बोटांना तशीच असताना, जेवायला सुरुवात केली. धाकट्याचं हसू मावळलं. त्याने तिचा हात धरून तिला फरफटत बादलीपाशी नेलं, हात पाण्यात कोंबले. तिने ते बाहेर काढले आणि वाकून मातीत घासले. पुन्हा कोंबले. पुन्हा घासले. तिसऱ्या वेळी त्यानेच हात सोडला. ताट तसंच पडून राहिलं.

"हेच बघ," तो धापा टाकत म्हणाला. "हेच हात धुवायला हिला आईने शिकवलं. पाच वर्षांची होती. इतके स्वच्छ धुवायची की आई तिला म्हणायची, डॉक्टरीणबाई आल्या."

*

थोरली मागच्या खोलीत, आईच्याच खाटेवर झोपत होती. खोलीत आईचं फारसं काही राहिलं नव्हतं. खिळ्याला चष्म्याची रिकामी डबी, कोनाड्यात खोकल्याच्या औषधाचं झाकण. शेवटचे तीन आठवडे आई इथेच होती. खोकला धरला होता. आपला खोकला अळ्यांना लागेल म्हणून तिने स्वतःच स्वतःला शेड बंद करून घेतली होती. त्याआधीची बॅच रोगाने गेली होती. अळ्या फुगून फुटल्या, दुधासारखं पाणी सुटलं, पोती भरून खड्ड्यात टाकाव्या लागल्या. त्यामुळे घरात सगळे धास्तावलेले.

"झोपेतच गेली ताई," तेव्हा धाकट्याने फोनवर सांगितलं होतं. "काही त्रास झाला नाही. भिंगरी शेजारीच बसली होती. तिलासुद्धा कळलं नाही, एवढी शांत गेली."

हे वाक्य थोरलीने पुढे अनेकांना सांगितलं होतं. वाचनालयात, शेजारी, बसमध्ये भेटलेल्या एका जुन्या मैत्रिणीला. झोपेतच गेली. नात शेजारी होती. लोक म्हणायचे, भाग्यवान. तीही मान हलवायची.

खाटेच्या उशाशी, खिडकीच्या कट्ट्यावर, स्टीलचा एक पेला रोज भरलेला असायचा. आपल्यासाठी भावजय ठेवते असं समजून थोरली दुपारी तुती कापून आली की ते पाणी पिऊन टाकायची. सातव्या दिवशी ती पेला तोंडाला लावत असताना भिंगरी दारात आली.

"ते तुझं नाही!"

इतक्या मोठ्याने, की अंगणातून भावजय "काय झालं?" म्हणाली. भिंगरीने झडप घालून पेला घेतला. अर्धं पाणी थोरलीच्या अंगावर सांडलं. पोरीचा श्वास वरवर चालला होता. ती गेली, पेला भरून आणला, पुन्हा कट्ट्यावर ठेवला, त्याच जागी, आधीच्या ओल्या गोलावर नेमका.

"कोणाचं आहे मग?" थोरलीने विचारलं.

विचारलं तिथेच चुकलं. पोर निघून गेली.

थोरली ओल्या कपड्यांनी खाटेवर बसून राहिली. आल्या दिवसापासूनचं सगळं ती मनात मागे फिरवून बघत होती. पाणी आण म्हटलं की ही पोर पेटते. न सांगता मात्र रोज आणून ठेवते. इथेच ठेवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीने काही विचारलं नाही. तिने पेला विसळला, ताजं पाणी भरलं, कट्ट्यावर त्या गोलावर ठेवला आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली. भिंगरी आली. भरलेला पेला पाहिला. उंबऱ्यावर बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर. शेडमधून पंख्यांचा आवाज येत होता आणि त्याच्याखाली आणखी एक, हजारो अळ्या पानं खात असल्याचा. कोणीतरी न थांबता जुना कागद चुरगळत बसल्यासारखा.

"आई मला फोन करत होती," थोरली म्हणाली. विचारायचं नाही एवढंच तिने ठरवलं होतं. सांगायचं काय ते ठरवलं नव्हतं. "गेली त्याच्या आदल्या दिवशी. मी टेबलावर होते. वाचनालयात फोन घ्यायचा नाही, नियम आहे. मला दिसत होतं आईचा आहे म्हणून. मी फोन पालथा ठेवला. म्हटलं संध्याकाळी करू. संध्याकाळी विसरले."

भिंगरीने कट्ट्यावरच्या पेल्याकडे बघितलं.

"तिला काय सांगायचं होतं?"

"माहीत नाही."

"कधीच नाही कळणार?"

"नाही."

भिंगरी पायाच्या अंगठ्याने उंबऱ्याचा टवका उडालेला भाग कोरत राहिली.

"मला तिने तीन वेळा हाक मारली," ती म्हणाली. "पाणी दे गं भिंगरे, असं. मी शेडच्या दारात होते. माझे हात धुवून झाले होते. हात धुतले की पानं टाकून होईपर्यंत मागे वळायचं नाही. आजीनेच सांगितलंय. मग मी बाबांना विचारलं, जाऊ का? आजी हाक मारतेय. ते म्हणाले, हात धुतलेस ना? पानं टाकून झाली की जा."

"मग?"

"मग टाकली. माझे पाच कप्पे. घाई नाही केली. घाई केली की अळ्या दबतात. एकही डहाळी उलटी नाही टाकली." ती थांबली. "नंतर आले. तांब्या खाली पडला होता. पाणी सगळं खाली. आजीचा हात खाली लोंबत होता. मी तांब्या भरून आणला आणि आजी, आजी म्हटलं. मग मी तिथेच बसले तांब्या घेऊन. बाबा येईपर्यंत."

"किती वेळ बसलीस गं?"

"सगळ्या रॅकची पानं टाकून होईपर्यंत. बाबा आले तेव्हा म्हणाले, शाबास, आज पानं काय सुरेख टाकलीस."

थोरलीने हात पुढे केला. भिंगरी मागे सरकली.

"आता मी कोणाचं ऐकणार नाही," ती म्हणाली. रागाने नव्हे, गणितातलं उत्तर सांगावं तशी. "ऐकलं की तसं होतं."

"हे तू कोणाला सांगितलं नाहीस?"

"बाबांना सांगू नको तू. त्यांना माहीत नाही. ते रडतील."

"नाही सांगत."

"हात दे."

थोरलीने फोड फुटलेला तळहात पुढे केला. भिंगरीने त्यावर आपला मातकट हात ठेवला, दाबला, आणि काढून घेतला.

*

अळ्या पिकायला लागल्या. पांढऱ्या अंगात मधासारखा पिवळेपणा उतरला, उजेडात धरलं की आरपार दिसायच्या. खाणं थांबलं. माना वर करून त्या हवेत काहीतरी शोधत होत्या. पिकलेली अळी चटकन उचलून चंद्रिकेवर सोडावी लागते. चंद्रिका म्हणजे गोल गोल कड्या बसवलेली चटई, त्यात शिरून अळी कोष विणते. उशीर झाला तर पानांच्या कचऱ्यातच विणायला लागते आणि रेशीम वाया जातं. दोन दिवस कोणाला पाठ टेकायला मिळाली नाही. उन्हाचा झटका बसून एका बाजूच्या अळ्या मरून काळ्या पडल्या होत्या. मावशी त्या चिमट्याने उचलून डब्यात टाकत होती आणि पहिल्यांदाच गप्प होती.

शनिवारी सकाळी भावजयीने भिंगरीचे कपडे पत्र्याच्या पेटीत भरायला घेतले. प्रत्येक कपड्यावर दोऱ्याने खूण घातली होती. भिंगरी मोजे बाहेर फेकत होती, भावजय परत भरत होती.

थोरली ते बघत अंगणात उभी राहिली. सापडलं तर फॉर्म फाडतो, असं तो म्हणाला होता. कारण सापडलं होतं. तिच्याजवळ होतं. आणि एका मातकट हाताला तिने शब्द दिला होता. तिने स्वतःला समजावलं की हे पोरीच्याच भल्याचं आहे. बापाला कळलं की तो पोरीला जवळ घेईल, दोघं रडतील, रडून मोकळी होतील. पुस्तकांत असं होतं. तिने ते कितीदा वाचलं होतं.

तिने चुन्याच्या पाण्यात पाय बुडवले, कोपरापर्यंत हात धुतले आणि आत गेली.

धाकटा रॅकपाशी वाकून अळ्या वेचत होता. डाव्या तळव्यावर दहा-बारा पिवळ्या अळ्या, उजव्या हाताच्या चिमटीत आणखी एक धरलेली. त्याचे हात फार हलके होते. आई त्याच्या हातांचं नेहमी कौतुक करायची.

थोरलीने सांगितलं. जसं ऐकलं होतं तसं, आपलं काही न मिसळता.

तो वेचत राहिला. तळवा भरला, चंद्रिकेकडे गेला, एकेक अळी एकेका कडीत सोडली, परत आला.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

"असेल. तुझ्या डोक्यात त्या दिवशी—"

"शाबास म्हणालो ते आठवतं. ते नीट आठवतं." त्याने एक अळी उचलली. "हाक मला ऐकू आली नाही. पंखे चालू होते."

"माहीत आहे रे."

"किती वेळा मारली म्हणालीस?"

"तीन."

त्याच्या चिमटीतली अळी फुटली. पिवळं, चिकट पाणी त्याच्या बोटांवरून मनगटावर आलं. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून अळी फुटलेली थोरलीने पाहिली नव्हती. तो बाहेर गेला. बादलीपाशी बसून हात धुवायला लागला. साबण संपेपर्यंत धूत होता.

त्या दिवशी तो पोरीवर ओरडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भिंगरीने न धुतलेल्या हातांनी ताट ओढलं तेव्हा त्याने मान दुसरीकडे वळवली. तिने मुद्दाम पाण्याची बादली लाथाडली. तो उठून बाहेर गेला. ती दार अडवून उभी राहिली तर तो मागच्या दाराने आला. भिंगरी त्याच्या मागेमागे फिरली, त्याने ओरडावं म्हणून तिने जे जे येत होतं ते सगळं करून पाहिलं. मग ती एकदम थांबली. अंगण ओलांडून थोरलीकडे आली आणि समोर उभी राहिली.

फक्त बघून घेतलं. मग मागच्या खोलीत गेली, पेला उचलला, त्यातलं पाणी खिडकीबाहेर ओतलं आणि पेला मोरीत नेऊन इतर भांड्यांत ठेवून दिला.

थोरलीने धाकट्याला शेडच्या मागे गाठलं. "फॉर्म फाडणार होतास तू."

"तिला जाऊ दे ताई."

"तिची चूक नाहीये. कळलं ना तुला आता? तिने ऐकलं, एवढंच तिने केलं—"

"तिची चूक आहे असं कोण म्हणतंय?" त्याने भिंतीला टेकलेल्या विळ्यांतला एक उचलला, धार बघितली, परत ठेवला. "ती समोर आली की मला ती हाक ऐकू येते. तेव्हा नव्हती आली. आता येते. तिन्ही येतात. मी काय करू सांग. तुझ्या पुस्तकांत असेल तर सांग."

थोरलीने घसरलेला विळा भिंतीशी सरळ करून ठेवला.

"तू नसतं सांगितलंस," तो म्हणाला, "तर मी तिला चार रट्टे घातले असते, आणि सोमवारी ऐनवेळी पाठवलंही नसतं कदाचित. मला माहितीय माझं."

*

सोमवारी सकाळी जीप यायच्या आधी भावजयीने हाक मारली, "भिंगरे, उठ." भिंगरी उठली.

"तोंड धू." तिने धुतलं. "हात." ती बादलीपाशी गेली, बाही वर केली, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, आणि दोन्ही हात वर धरून निथळू दिले. अगदी शेडमध्ये जाताना धरायचे तसे. शेडच्या दाराशी तिचा बाप उभा होता. त्याने ते पाहिलं आणि तो आत गेला. बॅच संपली होती, आत जाऊन करण्यासारखं काही नव्हतं. रिकाम्या रॅकवर वाळक्या काड्या आणि चंद्रिकांवर निम्मे-अर्धे पांढरे कोष, एवढंच.

वेणी घालताना तिने मान वळवली नाही. जेव म्हटल्यावर जेवली. पेटीवर बस म्हटल्यावर पेटीवर बसली.

भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती थोरलीच्या कानाशी लागून म्हणाली, "बघितलंत वन्सं? नुसतं जायचं म्हटलं तर केवढा फरक. देवच पावला. उगीच इतके महिने मारलं हो मी तिला."

"तिला ठेवून घे," थोरली म्हणाली. "अजून वेळ आहे."

"आता? आता तर सुधारतेय. आता कशी ठेवू?"

जीप आली. ड्रायव्हरने पेटी टपावर चढवली. भिंगरी चढण्याआधी थोरली तिच्यापुढे वाकली. "मला पत्र लिहिशील?"

"हो."

"माझ्यावर रागावलीस ना? बोल काहीतरी. हवं तर मार मला."

"नाही रागावले."

"भिंगरी—"

"अगं, आत्याचा घसा बघ कसा सुकलाय," भावजय म्हणाली. "जाता जाता आत्याला पाणी तरी दे."

भिंगरी वळली. धावली नाही, रेंगाळली नाही. आत गेली आणि मोरीतला तोच स्टीलचा पेला काठोकाठ भरून, दोन्ही हातांत धरून, अंगण ओलांडून आली. एक थेंब सांडला नाही. हात पुढे केले आणि उभी राहिली, दिलेलं काम पुरं होण्याची वाट बघत.

थोरलीला ते सगळं प्यावं लागलं.